जुन्या गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड परत बसवताना सील नीट कसं करायचं

जुन्या व्ही-८ इंजिनाचा (आठ सिलिंडर, चार-चार व्हीच्या आकारात) इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आणि पेट्रोल सिलिंडरकडे नेणारा भाग, काढणं तसं सोपं, बोल्ट सोडले, कोपऱ्यात टॉमी घालून हळूच उचकला की आला वर. खरी कसोटी परत बसवताना. नवीन माणूस काय करतो, सगळ्या फटींवर सिलिकॉनची अख्खी ट्यूब रिकामी करतो, वरून बोल्ट दाबून आवळतो आणि आठवडाभराने मागून ऑइल टपकायला लागलं की म्हणतो गॅस्केटच (दोन भागांच्या मधे दाबलं जाणारं सील) भंगार होतं. गॅस्केट बिचारं बरं असतं हो बहुतेक वेळा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मॅनिफोल्ड दिसायला एकच तुकडा असला तरी खाली तो चार वेगळ्या गोष्टी अडवत असतो: इनटेक पोर्टमधली हवा आणि पेट्रोल, पुढच्या-मागच्या कोपऱ्यातलं कूलंट, मधल्या क्रॉसओव्हरमधून, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या आडव्या रस्त्यातून, जाणारा गरम एक्झॉस्ट, आणि ब्लॉकच्या पुढच्या व मागच्या भिंतीवरचं ऑइल. या चारही ठिकाणी दाब वेगळा, तापमान वेगळं, द्रव वेगळा. म्हणून एकच माल सगळीकडे फासून चालत नाही, प्रत्येक जागेला तिचा उपाय.

खाली मी मुख्यतः शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, १९५५ पासूनचं हे इंजिन, सगळ्यात जास्त हेच हातात येतं. पण फोर्ड, मोपार (म्हणजे क्रायस्लरच्या गाड्या) यांच्या बऱ्याच व्ही-८ ला हीच पद्धत लागते. जिथे वेगळं आहे ते शेवटी सांगतो.

काढताना घ्यायची काळजी

बसवण्याचं अर्ध काम काढतानाच होतं. कूलंट मॅनिफोल्डच्या लेव्हलच्या खाली येईपर्यंत रेडिएटरमधून काढा, जमलं तर ब्लॉकचे ड्रेन प्लगपण उघडा, नाहीतर मॅनिफोल्ड उचलताना हेडमधलं (सिलिंडरवरच्या झाकणातलं) उरलेलं पाणी सरळ व्हॅलीत जातं, म्हणजे दोन हेडच्या मधल्या खोलगट भागात, आणि तिथून ऑइल पॅनमध्ये. कितीही सांभाळलं तरी थोडं सांडतंच, त्यामुळे काम संपल्यावर इंजिन सुरू करायच्या आधी ऑइल आणि फिल्टर बदलायचंच हे आत्ताच ठरवून टाका. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग फार दिवस जगत नाहीत.

स्मॉल ब्लॉकमध्ये डिस्ट्रिब्युटर मॅनिफोल्डमधूनच खाली जातो, तोही काढावा लागतो. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणा, रोटर कुठे बघतोय आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी कुठे आहे ते दोन्ही मार्क करा, फोटो काढा. वर ओढताना गिअरच्या तिरक्या दातांमुळे रोटर थोडा फिरतो, तर फिरून जिथे थांबला तिथलीपण खूण करा, परत घालताना तिथूनच सुरुवात करायची असते. आणि मधल्या काळात क्रँक कोणाला फिरवू देऊ नका.

बोल्ट काढले की पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचं चित्र काढून त्यात भोकं पाडून ज्याचा त्या जागी खोचा. लांबी वेगवेगळी असू शकते, लांब बोल्ट बंद भोकात गेला तर टॉर्क (आवळण्याचा जोर) आल्यासारखा वाटतो पण मॅनिफोल्ड दाबलेलाच नसतो.

साफसफाई, इथे घाई नको

लीकची बहुतेक कारणं या टप्प्यात सापडतात. सुरू करण्याआधी व्हॅलीत स्वच्छ फडकी दाबून भरा, इनटेक पोर्टमध्ये आणि पाण्याच्या भोकांतही बोळे घाला. एखादा छोटा गॅस्केटचा तुकडा पोर्टमध्ये गेला तर तो सरळ व्हॉल्व्हखाली जाऊन बसतो. बोळे मोजून घाला, तेवढेच परत निघाले की नाही बघायला बरं पडतं.

जुनं गॅस्केट खरवडायला कास्ट आयर्नवर धारदार स्क्रेपर चालतो, ॲल्युमिनियमवर प्लॅस्टिकचा किंवा फार हलक्या हाताने ब्लेड. चिकट राहिलेल्या ठिकाणी गॅस्केट रिमूव्हर मारून थांबा, तोच काम करतो. ड्रिलला लावायची ती खरखरीत गोल डिस्क मात्र इंजिनावर अजिबात वापरू नका. एक तर ती ॲल्युमिनियमला खड्डे पाडते, दुसरं म्हणजे तिच्यातून जी बारीक पूड उडते ती घासणाऱ्या मालाचीच असते, ती ऑइलमध्ये गेली की बेअरिंग आणि कॅम दोन्ही खाते. पाच मिनिटं वाचतात खरी पण पूर्ण इंजिन पणाला लागतं.

बोल्टचे आटे वायर ब्रशने साफ, हेडमधली भोकं टॅप फिरवून साफ, मग हवा मारा. आट्यात जुना सीलंट किंवा गंज असेल तर टॉर्क रेंच खोटं बोलतो, क्लिक झालं म्हणजे घट्ट झालं असं समजू नका.

पाण्याच्या भोकांभोवती धातू खाल्लेला दिसतो का बघा, ॲल्युमिनियम मॅनिफोल्डवर हे फार कॉमन. कूलंट बदलायचं टाळलेल्या गाड्यांत कडेचा भाग स्पंजसारखा होतो आणि गॅस्केटला टेकायला जागाच उरत नाही. छोटे खड्डे असतील तर मेटल भरलेला इपॉक्सी भरून, वाळल्यावर सपाट कानशीने लेव्हल करता येतो. खड्डा पाण्याच्या भोकापासून गॅस्केटच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचला असेल तर वेल्डिंग करून फेस मारून घेणं हाच मार्ग, सिलिकॉन भरून तो खड्डा बुजणार नाही, थोडे दिवस फसवेल फक्त.

मग सरळ पट्टी आणि फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पात्यांचा संच). पट्टी मॅनिफोल्डच्या फेसवर लांबीत आणि तिरकी ठेवून बघा, ०.१ मिमीची पाती सहज घुसत असेल तर मशीन शॉपला नेलेला बरा.

कोरडा मॅनिफोल्ड ठेवून बघा

नवीन लोक ही पायरी हमखास गाळतात, आणि माझ्या मते पूर्ण कामात हीच सगळ्यात महत्त्वाची. व्ही-८ मध्ये मॅनिफोल्ड दोन हेडच्या मधे वरून पाचरीसारखा उतरतो. त्यामुळे हेड किंवा ब्लॉक कधीतरी मशीन करून खाली घेतलेले असतील तर हेड एकमेकांच्या जवळ आलेले असतात, मॅनिफोल्ड पूर्ण खाली बसत नाही, बोल्टची भोकं जुळत नाहीत आणि पोर्टपण वरखाली होतात. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत आधी कोणी काय केलंय याचा पत्ता नसतो.

तर सीलंट वगैरे काही न लावता गॅस्केट फक्त जागेवर ठेवा, मॅनिफोल्ड वर ठेवा, आणि बघा. सगळे बोल्ट बोटांनी सुरू होतायत का? भोकं मधोमध दिसतायत का? पुढच्या आणि मागच्या भिंतीवर मॅनिफोल्ड आणि ब्लॉकमधली फट किती आहे ती मोजा, सहसा ३ मिमीच्या आसपास निघते, पुढे-मागे दोन्हीकडे साधारण सारखी हवी. मग कोपऱ्यांत, हेडच्या फेसवर वर आणि खाली फीलर घालून बघा. वरून पाती जाते आणि खालून जात नाही किंवा उलटं, याचा अर्थ कोन जुळत नाहीये आणि गॅस्केट एकाच कडेला दाबलं जाणार.

बोल्टची भोकं खाली-वर दिसली तर गॅस्केटच्या जाडीने बऱ्याचदा सुटतं. इनटेक गॅस्केट साधारण १.५ मिमी जाडीचं येतं, पण पातळ आणि जाड दोन्ही मिळतात. मॅनिफोल्ड जास्त वर राहत असेल तर पातळ, फार खाली जात असेल तर जाड. कोन चुकला असेल तर मात्र जाडी बदलून काही होणार नाही, मशीनिंगच. एक गोष्ट खास शेवरोलेवाल्यांना: १९८७ पासूनच्या कास्ट आयर्न हेडमध्ये मधल्या चार बोल्टचा कोन बदलला, जुना मॅनिफोल्ड नव्या हेडवर ठेवला तर तेवढेच चार बोल्ट तिरके जातात. कोणी हेड बदललेली गाडी घेतली असेल तर हे इथेच कळेल, आटे खाल्ल्यावर कळण्यापेक्षा बरं.

गॅस्केटचे पोर्ट हेडच्या पोर्टशी जुळतात का तेपण आत्ताच बघून घ्या. आणि मधलं एक्झॉस्ट क्रॉसओव्हरचं भोक, काही गॅस्केट सेटमध्ये ते उघडं असतं, काहींबरोबर बंद करायला पत्र्याची पट्टी येते. मूळ कार्ब्युरेटर आणि उष्णतेवर चालणारा चोक असेल, थंडीत गाडी चालवत असाल तर उघडंच ठेवा, चोक त्यावरच सुटतो. बंद केलं तर कार्ब्युरेटर थंड राहतो, गरम हवामानात बरं, पण मग चोक इलेक्ट्रिक किंवा हाताचा करून घ्या.

आता सीलंट, कुठे काय

आधी पाकिटावरची सूचना वाचा. हल्लीच्या बऱ्याच गॅस्केटवर पोर्ट आणि पाण्याच्या भोकांभोवती रबरासारखी रंगीत रेघ छापलेली असते, ती स्वतःच सील करते, तिच्यावर सिलिकॉन लावलं तर गॅस्केट घसरतं आणि आवळताना बाहेर पिळून येतं. अशा गॅस्केटला हेडच्या बाजूने हलकासा गॅस्केट ॲडहेसिव्हचा थर देऊन जागेवर धरून ठेवायचं, मॅनिफोल्डची बाजू कोरडी. पुढच्या वेळी काढतानापण सोपं जातं.

साधं, रेघ नसलेलं फायबरचं गॅस्केट असेल तर पाण्याच्या भोकांभोवती दोन्ही बाजूंनी आरटीव्ही सिलिकॉनचा पातळ, बोटाने पसरवलेला थर. पातळ म्हणजे पातळ, गॅस्केटचा रंग खालून दिसला पाहिजे.

इनटेक पोर्टभोवती आरटीव्ही लावायचं नाही. पेट्रोल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, तुकडे सुटून आत जातात आणि जागा रिकामी झाली की तिथूनच हवा ओढायला लागतं. तिथे काही लावायचंच असेल तर न वाळणारा, पेट्रोल सहन करणारा सीलंट, हायलोमारसारखा, तोसुद्धा एक हलका हात.

आणि पुढच्या-मागच्या भिंती. गॅस्केट सेटमध्ये कॉर्क किंवा रबराच्या दोन पट्ट्या येतात. मी त्या सरळ बाजूला ठेवतो आणि मला वाटतं बहुतेक अनुभवी लोक तेच करतात. कॉर्कची पट्टी आवळताना बाहेर सरकते, मॅनिफोल्डला उचलून धरते त्यामुळे पोर्टवरचा दाब कमी होतो, आणि क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या पोटातल्या) दाबाने हळूहळू बाहेर ढकलली जाते. ऑइल लागलेली रबरी पट्टी तर बोल्ट आवळता आवळताच सुटून बाहेर येते. त्याऐवजी आरटीव्हीची जाड गोल रेघ, साधारण ६ मिमी, म्हणजे आपण मोजलेल्या फटीपेक्षा चांगली उंच. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, हात न उचलता, आणि दोन्ही टोकांना कोपऱ्यात वळवून गॅस्केटवर १२ मिमीपर्यंत वर चढवायची. लीक जवळजवळ नेहमी त्या कोपऱ्यातूनच होतो, जिथे ब्लॉक, हेड आणि मॅनिफोल्ड तिघं भेटतात, म्हणून तिथे गॅस्केटच्या खालीपण एक छोटा थेंब आधीच द्या आणि मग गॅस्केट वर ठेवा.

दोन्ही फेस आधी ब्रेक क्लीनर किंवा ॲसिटोनने पुसा, आणि पुन्हा पुसा, फडकं पांढरं निघेपर्यंत. मागच्या भिंतीवर व्हॅलीतून ऑइल ओघळून येत राहतं, रेघ मारायच्या दोन मिनिटं आधी बोटाने चाचपून बघा. जराही निसरडं लागलं तर सिलिकॉन धरणार नाही, मग ट्यूब कितीही महागडी असू दे. काही लोक भिंतीवर आणि मॅनिफोल्डच्या खाली पंचने ठिपके मारून घेतात, पकड चांगली मिळते, मलाही पटतं ते, फक्त व्हॅली झाकून मारा. ट्यूब ऑइल सहन करणारी, इंजिनासाठीची, काळी किंवा ग्रे घ्या. बाथरूमच्या खिडकीला लावतात ते व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन इथे आणू नका.

बसवणं

आरटीव्हीची रेघ मारली की घड्याळ सुरू. सहसा ५ ते १० मिनिटांत वर साय धरते, त्याच्या आत मॅनिफोल्ड जागेवर गेला पाहिजे. म्हणून बोल्ट, पाना, टॉर्क रेंच, मदतीला माणूस सगळं आधी हाताशी. व्हॅलीतले बोळे काढलेत ना? मोजले ना?

कास्ट आयर्न मॅनिफोल्ड जड असतो आणि एकट्याने फेंडरवरून वाकून तो अलगद सरळ उतरवणं अवघड आहे, थोडा जरी पुढे-मागे घसरला तरी सिलिकॉनची रेघ पुसली जाते आणि तुम्हाला वरून ते दिसतपण नाही. दोन माणसं धरा. आणि एक सोपी युक्ती, त्याच मापाचे चार लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, वर ड्रायव्हरसाठी खाच पाडा आणि चार कोपऱ्यांच्या भोकांत हाताने फिरवून उभे करा. मॅनिफोल्ड त्यांच्यावरून सरळ खाली येतो, गॅस्केटपण हलत नाही. बाकीचे बोल्ट सुरू झाले की हे चार काढून तिथे खरे बोल्ट घाला. रेघ पुसली गेलीच तर वर उचला, सगळं पुसा, नवीन रेघ मारा, मधेच बोटाने डागडुजी करू नका.

काही बोल्टची भोकं आरपार व्हॅलीत उघडतात. त्यातून ऑइल आट्यांवरून वर चढतं आणि बोल्टच्या डोक्याखाली ओलं दिसतं, लोक गॅस्केटला दोष देतात. त्या बोल्टच्या आट्यांना थ्रेड सीलंट लावा. बाकीच्यांना ऑइलचा एक थेंब.

सगळे बोल्ट आधी हाताने सुरू करा, एकही पान्याने नाही. सगळे नीट धरले की मग मधून सुरुवात करून आलटून पालटून डावी-उजवी करत बाहेरच्या टोकांकडे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं केलं तर पाचर एका हेडकडे सरकते आणि दुसरी बाजू कायमची उपाशी राहते. शेवरोले स्मॉल ब्लॉकला शेवटचा टॉर्क ३० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ४० न्यूटन-मीटर, तो तीन फेऱ्यांत: १०, २०, ३०. तुमच्या इंजिनाचा आकडा आणि क्रम मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्या इंजिनाचा आकडा उसना घेऊ नका. शेवटी एक फेरी त्याच टॉर्कने परत मारा, कारण पुढचा बोल्ट आवळला की आधीचा सैल पडतो, दुसऱ्या फेरीतसुद्धा दोन-चार बोल्ट थोडे फिरतातच. ॲल्युमिनियमवर बोल्टखाली कडक वायसर पाहिजेच.

बाहेर पिळून आलेलं सिलिकॉन तसंच राहू दे. पुसायला गेलात तर कोपऱ्यातलं उखडेल.

मग थांबायचं. २४ तास. कूलंट नाही, इंजिन सुरू नाही. ट्यूबवर एक तासात तयार असं लिहिलेलं असतं, पण बंद फटीतला ६ मिमी थर आतपर्यंत वाळायला वेळ लागतो कारण आरटीव्ही हवेतल्या ओलाव्याने वाळतं आणि आत हवा पोचत नाही.

सुरू केल्यावर काय बघायचं

डिस्ट्रिब्युटर खुणेवर घाला. तो पूर्ण खाली बसत नसेल तर क्लॅम्पने ओढून दाबू नका, खाली ऑइल पंपाच्या शाफ्टची खाच जुळलेली नसते, लांब स्क्रू ड्रायव्हरने शाफ्ट थोडा फिरवून परत घाला. नवीन ऑइल, फिल्टर, कूलंट भरून हवा काढून घ्या आणि टायमिंग सेट करा.

आयडलला व्हॅक्यूम गेज लावा. चांगल्या, स्टॉक कॅमच्या इंजिनाला १७ ते २२ इंच पारा, काटा स्थिर. काटा स्थिर पण खाली, गाडी हंटिंग करते (आयडल आपोआप वर-खाली होतं), तर हवा कुठूनतरी ओढतेय किंवा टायमिंग मागे आहे. बाहेरच्या कडेने लीक शोधायला पोर्टच्या जोडावर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारतात, आयडल बदललं की जागा सापडली. गरम एक्झॉस्ट आणि इग्निशनच्या वायरी तिथेच असतात, आग लागू शकते, म्हणून अगदी थोडा मारा आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

पण व्हॅलीच्या बाजूचा लीक असा सापडत नाही. तिथे पोर्ट खालून व्हॅलीतली हवा आणि ऑइलची वाफ ओढत असतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं पण प्लग तेलकट, मागून निळा धूर, आणि मालक पिस्टन रिंग बदलायच्या गोष्टी करतो. तपासायचं असं: आयडलवर पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ परत इनटेकमध्ये ओढणारा) पाइप काढून कार्ब्युरेटरच्या बाजूने बंद करा, व्हॉल्व्ह कव्हरवरची बाकीची भोकं बंद करा, आणि ऑइल भरायच्या तोंडावर तळहात ठेवा. इंजिनाने हाताला हलकंसं बाहेर ढकललं पाहिजे. हात आत ओढला जात असेल तर गॅस्केट खालून लीक आहे, मॅनिफोल्ड परत वर.

मागच्या भिंतीचा लीकपण असाच फसवा. ऑइल बेलहाउसिंगवरून (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या खोक्यावरून) ओघळत खाली येतं आणि हुबेहूब रिअर मेन सील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचं सील, लीक झाल्यासारखं दिसतं, त्यापायी गिअरबॉक्स उतरवलेल्या गाड्या आहेत. आधी आरसा आणि टॉर्च घेऊन डिस्ट्रिब्युटरच्या मागे बघा. वरून ओलं असेल तर सील निर्दोष. आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवून बघा, खडखडला पाहिजे, चोंदलेला असेल तर क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि चांगली रेघसुद्धा बाहेर ढकलली जाते.

एकदा पूर्ण गरम करून, पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट परत टॉर्क रेंचने तपासा. फायबर गॅस्केट बसतं थोडं.

ज्यांचं इंजिन वेगळं आहे त्यांच्यासाठी

पाँटिॲकच्या जुन्या व्ही-८ मध्ये मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाला टायमिंग कव्हरशी जोडणारा पाण्याचा रस्ता असतो, मधे ओ-रिंग. तो पुढचा लांब बोल्ट आधी आवळायचा, मग बाकीचे, उलटं केलं तर मॅनिफोल्ड जागेवर अडकतो आणि ओ-रिंग दाबली जात नाही. मोपारच्या ३८३, ४४० ला व्हॅली झाकणारा पत्र्याचाच गॅस्केट असतो, तिथे भिंतींची सगळी कहाणी वेगळी. फोर्ड एफई मध्ये पुशरॉड मॅनिफोल्डमधून जातात, तो इतका जड की हॉइस्ट लावलेला बरा.

इनलाइन इंजिनवाल्यांना, एमजीबीसारख्या गाड्यांना ऑइल आणि भिंतींची भानगडच नाही, पण तिथे इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच गॅस्केटवर शेजारी बसतात आणि मधल्या स्टडवरचा जाड वायसर अर्धा याच्यावर अर्धा त्याच्यावर दाबतो. दोन्ही फ्लँजची जाडी व्हर्निअरने मोजा. एक पातळ असेल, समजा एक्झॉस्ट नवीन घेतला आणि इनटेक जुना, तर वायसर जाड फ्लँजवरच टेकतो आणि दुसरी सैल राहते, कितीही आवळा. वायसरची एक बाजू फरकाएवढी घासून पायरी करून घेतली की दोन्ही सारखे दाबले जातात, सीलंटची गरजच पडत नाही.